आडवा ठेवलेला क्रँकशाफ्ट

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथल्या मोठ्या जनरेटरच्या इंजिनाचा एक जादा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, आमच्याकडे होता, जवळजवळ माणसाएवढा लांब. कापडे गावचे मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो माझ्या ताब्यात दिला. ग्रीस चोपडलेला, मेणकागदात गुंडाळलेला, लोखंडी चौकटीत उभा टांगलेला.

"आडवा टाकू नको हां," ते म्हणाले. "आपल्याच वजनानं वाकतो. आनि वर्षातनं दोनदा कागद सोडून बघ, नवीन ग्रीस लाव. हाताचा घाम लागला तरी गंज धरतो."

पहिलं वर्ष मी सगळं नीट केलं. मग पिंपं ठेवायला जागा हवी झाली. मी चौकट हलवली आणि क्रँकशाफ्ट मागच्या भिंतीशी, दोन टोकांना लाकडी ठोकळे देऊन आडवा ठेवला. चार दिवसांसाठीच. ते चार दिवस तीन वर्षं चालले. तपासणीच्या कार्डावर मात्र दर सहा महिन्यांनी 'तपासले' लिहून मी सही करत होतो. कागद एकदाही सोडला नाही.

जनरेटरचा क्रँकशाफ्ट तुटला तेव्हा साहेबांनी मिस्त्रींनाच बोलावलं. निवृत्तीनंतरही अशा कामांना ते यायचे. त्यांनी कागद सोडला. बेअरिंग बसतं तिथे गंजाने खड्डे पडले होते. दोन आधारांवर ठेवून त्यांनी तो हळूहळू फिरवला, वर डायल गेज लावला. काटा हलत राहिला. क्रँकशाफ्ट वाकला होता.

"कसं झालं हे?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कार्डाकडे.

"माझ्याच हातनं बांधताना काय तरी ऱ्हायलं असंल, साहेब," ते म्हणाले.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

त्यानंतरची दोन कामं बाहेरच्या माणसांनी केली. साहेबांनी मिस्त्रींना बोलावणंच बंद केलं होतं. ते कळलं त्या रविवारी मी मोटरसायकल काढून कापड्याला गेलो. ते भाताच्या बांधावर भेटले. पुढे ते, मागे मी, असं चालतच सांगून टाकलं.

"तो मी आडवा ठेवला होता, मिस्त्री. सह्याही खोट्या आहेत."

"म्हायत हाय. ठोकळ्यांचे वळ व्हते त्याच्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी हाय अजून. माझी झाली." मागे न वळता ते म्हणाले, "पन तू बोलशील असं वाटलं व्हतं रे."

सोमवारी मी साहेबांना सगळं लिहून दिलं. मला मेमो मिळाला. साहेबांनी स्वतः फोन करून मिस्त्रींना बोलावलं. गुडघे दुखतात म्हणून ते आले नाहीत. परत कधीच आले नाहीत.

गुडघ्यांचं खरं असेलही. पण त्या रविवारी बांधावर त्यांना गाठता गाठता मलाच धाप लागली होती.