गौसियाबीच्या दुरडीत काय होतं

गौसियाबीला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. त्यांनी एकदा तिच्यासंगं एसटीत बसून बघावं, मग बोलावं.

आमच्या बिलोलीत ती गाद्या-रजया शिवते. नवरा जहांगीर कापूस पिंजायचा. तो जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून सुई तिची एकटीची. गिऱ्हाईक विचारतं, "भाभी, ही रजई किती वर्षं जाईल?" दुसरा कुणी म्हणेल, लेकीच्या लेकीपर्यंत. ही म्हणते, "तीन साल. धुपात न्हाई वाळवली तर दोन." गिऱ्हाईक तोंड पाडून जातं आणि दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन तिच्याच दारात येतं.

जन्मात ती एकदाच खोटं बोलली, तेही नातीशी. तिचा मुलगा मुज्तबा लातूरला डाळमिलीत लागला आणि बायको-पोरीला घेऊन गेला. पोरगी उमैमा, नऊ वर्षांची. तिचे दोन ससे होते, रूई आणि पिंजू. लातूरच्या घरमालकानं सशांना नाही म्हटलं, म्हणून ते दादीपाशी राहिले. मागच्या वैशाखात पत्र्याखालच्या उकाड्यानं रूई मेली. पोरीला सांगायची गौसियाबीची छाती झाली नाही. फोनवर म्हणाली, "रूई खेत में भाग गई, बेटा."

आणि महिन्याभरानं ते फोडलं कुणी? मीच. पोरीचा फोन माझ्या हातात आला आणि मी शहाणी बोलून गेले, "बिचारी रूई, उन्हानं गेली बघ बाई." पलीकडं पोरीनं फोन टाकला. मग मुज्तबाचा आवाज आला. त्या दिवसापासून उमैमा दादीशी फोनवर बोलली नाही. दहा महिने. चूक दोघींची, शिक्षा एकटीला.

यंदा मुज्तबानं दुसरी खोली घेतली. तिथला मालक सशाला हो म्हणाला. गौसियाबी म्हणाली, "पिंजूला मी सोता नेऊन देती. पोरीच्या हातात, जित्ता." मी म्हटलं, मी येते. कशाला, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एप्रिल लागला होता, म्हणून पहाटेची पहिली गाडी धरली. दोन दुरड्या तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, आत पिंजू, कोथिंबिरीची जुडी आणि काकडीचे तुकडे, वरून ओलं फडकं. देगलूरला नऊच्या आत पोचलो. तिथं उदगीरची गाडी दोन तास आलीच नाही. साडेदहाला उदगीर गाठायचं ते साडेबारा झाले. लातूरच्या गाडीत बसलो तेव्हा पत्रा तव्यासारखा तापलेला. गौसियाबी दर पाच मिनिटाला दुरडीच्या फटीत बोट घालायची. नाक बोटाला लागलं की पुटपुटायची, "है."

मी तिला पढवून ठेवलं होतं. "कंडक्टरनं इचारलं तर कोथिंबीर म्हन. जनावर म्हनलीस तर उतरवून देतील."

"आन कोथिंबीर के नीचे जो है वो?"

"खाली काय हाय ते कोन इचारायलंय?"

ती हसली. मला वाटलं, समजलं हिला.

उदगीर मागं पडलं आणि कंडक्टर आला. तरणा पोरगा, कपाळावर घाम. "मावशी, दुरडीत काय हाय?"

"कोथिंबीर," मी म्हटलं.

"खरगोश," गौसियाबी म्हणाली.

दोघी एकाच दमात. एका दुरडीला दोन उत्तरं. त्यात खिडक्या खडखडत होत्या, इंजिन बोंबलत होतं. मागच्या सीटवर उपरणं गुंडाळलेला एक गृहस्थ होता, त्याच्या कानात अर्धाच शब्द गेला. तो उभाच राहिला.

"गोश्त? गोश्त हाय म्हन्ती ती!"

गाडीतलं बोलणं तुटलं. पुढून कुणीतरी हळू विचारलं, "कशाचं?"

तो एक शब्द. आजकाल तो शब्द कसा विचारतात, कुणाला विचारतात, ते मी सांगायला नको. गौसियाबीनं दुरडी मांडीवर ओढून घेतली.

"ओ भाऊ, ससा हाय, ससा!" मी ओरडले.

"आत्ता तर कोथिंबीर म्हनलीस की म्हातारे," उपरणेवाला म्हणाला. झालं. माझीच कोथिंबीर माझ्याच गळ्यात.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी थांबली ती अशा जागी, की दोन्ही बाजूंना नांगरलेलं रान आणि झाड एकही नाही. गाडी चालती होती तोवर वारा तरी होता. आता तोही बंद.

"उघडा ती दुरडी," कंडक्टर म्हणाला.

"नक्को," गौसियाबी म्हणाली आणि दुरडी पोटाशी धरली.

तिला माणसांची भीती नव्हती असं मी म्हणत नाही. पण नाही म्हणाली ती पिंजूसाठी. एवढ्या गलक्यात झाकण काढलं असतं तर त्यानं उडीच घेतली असती, खिडकीतून नाहीतर पायांखाली. भ्यालेला ससा जाग्यावर जीव सोडतो, हे तिला ठाऊक होतं. पण बघणाऱ्याला काय दिसत होतं? बाई दुरडी उघडत नाही. जितकी ती घट्ट धरी, तितकी माणसं जवळ सरकत.

"उघडत न्हाई म्हंजे काहीतरी हायेच."

"खाली उतरवा दोघींना."

"आनि तू गं, आमच्यातली दिसतीस, तू काय करून राहिलीस हिच्यासंगं?"

"शेजार करून राहिले," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

आमच्या शेजारच्या सीटवर एक कानडी बाई होती. नाकात दोन्हीकडं चमकी, मांडीवर गाठोडं. उदगीरपासून ती दुरडीच्या फटीत डोळा लावून होती. ती आता माझा दंड हलवून बोट दाखवायला लागली. "मोला! मोला री, मोला!"

मला वाटलं, हिला या घाईत भाव करायचा सुचतोय. डोकं आधीच तापलेलं. मी जोरात म्हटलं, "मोल-बिल काय न्हाई! इकायचं न्हाई आमाला!"

तर उपरणेवाला गाडीभर सांगतो, "बघा! इकायला नेऊन राहिलेत!"

मला माझीच जीभ तोडावी वाटली. आधी फोनवर पोरीपाशी, आता इथं. कंडक्टरनं दुरडीला हात घातला. गौसियाबी एवढंच म्हणाली, "बेटा, दम तोड देगा वो." कानडी बाई आणखी मोठ्यानं ओरडत होती, "मोला! मोला!"

तेवढ्यात ड्रायव्हर आपल्या जागेवरून उठला. कमलनगरकडचा होता, घरात कानडी. "ए, थांब रे," तो कंडक्टरला म्हणाला. "काय म्हनली ती? मोला?" त्यानं कानडी बाईला काहीतरी विचारलं, तिनं डोक्यावर दोन बोटं उभी करून दाखवली. ड्रायव्हर खाली वाकला, फटीत करंगळी घातली आणि झटक्यात काढली.

"आयला, चाटलं की मला. मोला म्हंजे ससा रे! आमच्याकडं सशाला मोला म्हन्तेत. अन् खरगोश म्हंजे बी ससाच. काय एकेक कान घेऊन बसलाव गाडीत!"

पुढं दोघंतिघं हसले. कंडक्टर कान खाजवत मागं गेला. उपरणेवाल्यानं माफीबिफी मागितली नाही. पण गाडी हलल्यावर तो उठला, सावलीच्या बाजूची आपली जागा सोडली आणि उन्हाच्या बाजूला जाऊन बसला. जाताना एवढंच म्हणाला, "तिकडं बसा. वारं लागतंय." गौसियाबी बसली. मी तिच्या जागी असते तर बसले नसते. म्हणून तर मी मी आहे.

पण उन्हात गेलेली ती वीस मिनिटं फिरून येणार होती का? नळेगाव गेलं तेव्हा गौसियाबीनं बोट फटीत घातलं आणि काही बोलली नाही. मी वाट बघितली. पुन्हा घातलं.

"अक्का," ती म्हणाली, "नाक न्हाई लागायलं."

सुतळी सोडून झाकण बोटभर उचललं. पिंजू कुशीवर पडला होता. पोट भरभर हलत होतं, डोळा अर्धा. काकडीला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. कानडी बाईनं न मागताच आपली पाण्याची बाटली पुढं केली. गौसियाबी ओढणीचं टोक भिजवून त्याच्या कानांना लावी, वाळलं की पुन्हा भिजवी. लातूर येईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मी एकदा म्हटलं, "पोरीला सांगू, झोपलाय म्हनून." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेरचं रान मोजायला लागले.

स्टँडवर मुज्तबा उभा होता आणि त्याच्या मागं, त्याचा शर्ट धरून, उमैमा. उंच झाली होती. तिनं दादीला सलाम केला नाही. दुरडीकडं बघून दोन्ही हात पुढं केले.

गौसियाबी तिथंच फरशीवर बसली. दुरडी दिली नाही.

"सुन बेटा," ती म्हणाली. "जिंदा है. पन रस्ते में गाडी थांबली, धूप लागली. सुबह से कुछ खाया नहीं. बचेगा क्या, मेरेकू मालूम नहीं."

मुज्तबा म्हणाला, "अम्मी, अभी कायकू..." मी डोळे मिटून घेतले. आता पोरगी रडणार, पळणार, पुन्हा दहा महिने.

उमैमा खाली बसली. झाकण काढलं. बराच वेळ बघत राहिली. मग रागानं म्हणाली, "दादी, हात निकालो. तुम्हारा हात कित्ता गरम है!"

गौसियाबीनं हात काढून मांडीवर ठेवला.

पोरीनं पाणपोईवर जाऊन ओंजळ भरून आणली, गार पाणी त्याच्या कानांवर सोडलं, पुन्हा धावली, पुन्हा आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय वळसा घालून जात होते. मुज्तबा रिक्षा बघायला गेला. गौसियाबी पोरीला आपल्या सावलीत घ्यायला सरकत राहिली, ऊन सरकेल तशी. घसा कोरडा पडला होता तिचा, पण पाणी मागितलं नाही.

कितीतरी वेळानं पिंजूचा एक कान थरथरला. मग तो पोटावर आला. कोथिंबिरीची एक काडी उमैमानं त्याच्या नाकापुढं धरली. त्यानं वास घेतला, सोडून दिला. तिनं दुसरी धरली. ती काडी टोकाकडून हळूहळू आखूड व्हायला लागली.

"दादी," पोरगी कुजबुजली, "देखे क्या?"

"हौ," गौसियाबी म्हणाली. "देखी."