डाव्या गुडघ्याजवळचा खटका

गेल्या भाऊबीजेला मी धाकट्या भावाला ओवाळलं, तेव्हा त्याने तबकात काहीच ठेवलं नाही. "चल अक्का, तुला वरून गंगा दाखवतो. हीच ओवाळणी," म्हणाला. गंगा म्हणजे आपली गोदावरी. गंगाखेडात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. त्याने निवृत्तीनंतर विमान चालवायचा परवाना काढला आणि भागीदारीत एक जुनं छोटं विमान घेतलं, हे तुम्हा नातवंडांना ठाऊक आहेच. तुम्ही त्याला विमानवाले आजोबा म्हणता.

नीट समजल्याशिवाय मी कशात बसत नाही, म्हणून निघण्याआधी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. पेट्रोल दोन्ही पंखांतल्या वेगवेगळ्या टाक्यांत असतं. इंजिनाला एका वेळी एकाच टाकीतून मिळतं. अधूनमधून टाकी बदलावी लागते. तो खटका त्याच्या डाव्या गुडघ्याजवळ होता. मी उजवीकडे बसले होते, माझा हात तिथवर पोचलाच नसता.

वर गेल्यावर तो बोलण्यात रमला. उसाचे फड दाखवले, सोनपेठचा रस्ता दाखवला, मग हौसेने मानवतपर्यंत जाऊन परत फिरला. मी विचारलं, "टाकी बदललीस का रे?"

"अक्के, शाळा सुटली तुझी. आता तरी वह्या तपासणं सोड की!"

थोड्याच वेळात इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. पुढचा पंखा नुसता वाऱ्याने फिरत राहिला. भावाचे हात समोरच्या सगळ्या बटणांवर फिरले, खटक्याकडे मात्र गेले नाहीत. माझी तर वाचाच बसली होती. सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या एका रानात त्याने विमान उतरवलं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धडकून एक चाक मोडलं. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही. उतरवलं मात्र त्याने छान, हेही लिहायला हवं.

रानातली माणसं पळत येत होती. ती पोचण्याआधी त्याने वाकून खटका डावीकडून उजवीकडे फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"लागलं न्हाई ना आजी?" एका बाईने मला हाताला धरून उतरवलं आणि भावाला म्हणाली, "लय घाई होती का साहेब? एसटी होती की!" सगळे हसले. तोही हसला.

घरी आल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. "आजवर मी तुला ओवाळणी घातली, अक्का. आता तू मला घाल. मी वरच टाकी बदलली होती, एवढंच सांग. तुझा शब्द कुणी खोटा म्हणणार न्हाई."

"आणि मग इंजिन बंद का पडलं म्हणायचं?"

"मेकॅनिकनं नीट बघितलं नसंल."

माझ्या तोंडून एका निरपराध माणसाची रोजीरोटी घालवायला निघाला होता तो. आयुष्यभर मी खरं बोलले, म्हणूनच मी त्याला कामाची वाटले. ज्याच्या आयुष्यासाठी मी दरवर्षी दिवा ओवाळते, त्याने मला असं वापरायला काढलं होतं. मी नाही म्हटलं. चौकशीचे अधिकारी आले, तेव्हा जे पाहिलं ते सांगितलं. डाव्या टाकीत थेंब नव्हता आणि उजवी जवळजवळ भरलेली होती, हे त्यांनाही दिसलंच होतं.

तेव्हापासून तो नातेवाइकांत सांगत फिरतोय, "अक्काला हल्ली काही आठवत न्हाई. त्या दिवशी घाबरून डोक्यावर परिणाम झाला." लग्नाकार्यात लोक माझ्याशी सावकाश, मोठ्या आवाजात बोलायला लागलेत.

परवा तुमच्या बाबाचा तिकडून फोन आला. "आई, एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या."

मी म्हटलं, "दाखवू. आधी मला विचार तरी, मी काय पाहिलं."

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मला माहीत आहे गं आई. पण मामाचंही वय झालंय, त्याचं नाव राहू दे."