हळद-चुन्याची भेग

येवल्याला वडील पैठणीच्या मागावर बसत. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. ऐंशीच्या सुमारास नाशिकच्या एका रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागले. एकदा पेशंटची माहिती देताना तोंडून निघून गेलं, "पाय लय सुजलाय, सर." तेव्हापासून हाडांचे मोठे डॉक्टर मला सगळ्यांदेखत 'लय डॉक्टर' म्हणत. मीही हसायचे, आणि मनात एकेक हाक जपून ठेवायचे.

मग सहा वर्षांची एक मुलगी आली. गंगापूरकडची फुलशेती करणारी माणसं. बैलगाडीतून उडी मारली, तेव्हापासून पाऊल टेकवेना. आईने हळद-चुन्याचा लेप लावला होता. तो न धुताच एक्स-रे काढला गेला. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली.

"ही भेग. उद्या भूल देऊन तार घालू. काय लय डॉक्टर, दिसते ना?"

दिसत होती. पण ती हाडाच्या कडेशी थांबत नव्हती, पुढे मांसातही गेली होती. मोडलेल्या हाडाची रेघ हाडाबाहेर कशी जाईल? वाळलेला लेप तडकतो, हे मी घरी कितीदा पाहिलं होतं. डॉक्टर गेल्यावर मी पाऊल धुतलं आणि पुन्हा फोटो काढवला. भेग नाहीशी! अंगठ्यामागचं हाड मुळाशी थोडं दबलं होतं, एवढंच. त्याला तीन आठवडे प्लास्टर पुरतं.

त्याच वेळी त्यांना गाठून सांगायला हवं होतं. मी फिल्म कपाटात ठेवली. मला त्यांची चूक सगळ्यांसमोर दाखवायची होती.

सकाळी भूल द्यायची म्हणून मुलगी उपाशी. पाणीसुद्धा नाही. "बाई, एक बिस्कीट द्या ना," ती दोनदा म्हणाली. डॉक्टर अकराला आले.

ऑपरेशनच्या खोलीत, सगळे उभे असताना, मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. "पाय धुतल्यावर भेग गेली, सर. चुना होता. लय वाळला होता."

एक सिस्टर फिस्सकन हसली. डॉक्टरांचे कान लाल झाले. तो रंग मी डोळे भरून पाहिला.

"कालच का नाही सांगितलंस?"

"काल आपण घाईत होतात, सर."

ती हाक पुन्हा कधी ऐकू आली नाही. प्लास्टर मीच घातलं. मग बिस्किटांचा पुडा घेऊन मुलीच्या आईकडे गेले.

"सिस्टर म्हनल्या, तुमाला कालच कळलं व्हतं," ती म्हणाली. "पोरगी रातपासून उपाशी हाय."

मी पुडा पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. तिचा बाप चहा आनाया गेलाय."