हायड्रोजन पंपावरची केरसुणी

जिथे काही दिसत नाही आणि कशाचा वासही येत नाही, तिथे किस्से फार साठतात. आमच्या पंपाचं तसंच आहे. कल्याण-शीळ रोडवर आमचा हायड्रोजनचा पंप, मी तिथली सेफ्टी ऑफिसर. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचे चार मोठे ट्रक आमच्याकडे गॅस भरतात. नातेवाइकांना वाटतं मी पेट्रोल पंपावर असते. त्यांना समजावणं मी सोडून दिलंय, त्यापेक्षा किस्से सांगते.

*

दत्तूकाका हे त्या चारांतल्या एका ट्रकचे ड्रायव्हर. मूळचे साताऱ्याकडचे, सगळा जन्म डिझेलवर गेलेला. पहिल्या दिवशी गॅस भरून झाला तेव्हा ते नोझलपाशी नाक नेऊन उभे राहिले.

"काका, याला वास नसतो," मी म्हटलं.

"रंग?"

"तोही नाही."

"अन् पेटला तर?"

"उन्हात ज्वाळासुद्धा दिसत नाही."

काकांनी ट्रककडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. "ताई, पगार तरी दिसंल ना?"

सगळे हसले, पण काकांचं हसू वरवरचं होतं. त्यांचा जुना ट्रक शेठनी भंगारात काढला होता. चारही ड्रायव्हरांना बजावून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत ट्रायल. एक जरी भानगड झाली तर गाड्या कंपनीला परत." गाड्या परत गेल्या की काकाही घरी बसणार. या वयात त्यांच्या हातात दुसरी गाडी कोण देणार होतं?

*

शीळफाट्यावर एकदा हवालदाराने काकांना अडवलं. ट्रकखालून पाण्याची धार लागली होती.

"रेडिएटर फुटलाय तुझा. साइडला घे."

"साहेब, रेडिएटर न्हाई. ह्यो धूर हाये."

गाडी खरंच तशीच आहे, धुराऐवजी पाणी सोडते. पण हवालदाराने आधी काकांच्या तोंडाचा वास घेतला. वास तिथेही नव्हता.

*

हा प्रसंग मात्र मी हसत सांगू शकत नाही. काका वसईहून माल घेऊन निघाले आणि घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला कंटेनर उलटला. पुढे-मागे गाड्याच गाड्या. काकांच्या गाडीचा काटा आधीच खाली आलेला.

"ताई, कुणाकडून कॅन पाठवता का?" काकांचा फोन आला.

"काका, हा गॅस कॅनमध्ये येत नाही हो."

डिझेल संपलं तर शेजारचा ट्रकवाला नळी लावून दोन लिटर देतो. इथे शेजारी असून उपयोग काय? आख्ख्या टापूत पंप एकच, तोही मुंब्र्याच्या पलीकडे. तेवढ्यात शेठचा फोन. "पोचेल ना गाडी? टो करायची वेळ आली, तर ती थेट कंपनीतच जाईल."

काकांनी एसी बंद केला, पंखा बंद केला, गाणी बंद केली. मला वाटतं श्वासही जपूनच घेतला असेल. मी गेटवर उभी राहून रस्त्याकडे बघत होते. संध्याकाळी ट्रक वळणावर दिसला तेव्हा काट्याजवळचा लाल दिवा लुकलुकत होता. काका खाली उतरले, चपला काढल्या आणि पंपाला हात जोडले.

"डिझेलच्या पंपाला कधी जोडले होते का?" मी विचारलं.

"त्ये काय, दर नाक्यावर भेटत्यात," काका म्हणाले. "जे एकच असतं त्येला जोडायचे."

*

हायड्रोजनची ज्वाळा उन्हात दिसत नाही, म्हणून पूर्वी लोक लांब झाडू पुढे धरून चालायचे. टोक पेटलं की थांबायचं. आमच्याकडे सेन्सर आहेत, भोंगा आहे, तरी एक झाडू असावा असं मला वाटायचं. प्लास्टिकचा चालत नाही, शिंदीची केरसुणीच हवी. ठाकुर्लीला घरी नवी आणलेली होती. ती उचलली तर सासूबाई दारात उभ्या.

"लक्ष्मीला आगीत घालणार तू?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "मग अशीच कशी नेतेस?" म्हणाल्या, आणि हळदकुंकू लावून दिली.

पंपावर ती मी लांब काठीला बांधली आणि ड्रायव्हरांचं ड्रिल घेतलं: कोणी आगीकडे निघालाच, तर त्याच्यापुढे केरसुणी धरायची. दत्तूकाका काठीला हात लावेनात. "माणसासमोर केरसुणी धरायची? आमच्यात असलं करत न्हाईत, ताई." केरसुणीला नमस्कार करून ते बाजूला झाले आणि माझं ड्रिल तिथेच संपलं.

*

लक्ष्मीपूजनाची दुपार, टळटळीत ऊन. ट्रायलचा शेवटचा दिवस. काकांच्या ट्रकमध्ये गॅस भरत होता आणि काका नियमाप्रमाणे पिवळ्या रेषेबाहेर उभे होते. शेठ रेशमी कुर्ता घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले.

तेवढ्यात भोंगा वाजला. मी धावत जाऊन बटण दाबलं. गॅस बंद झाला, पण नळीत उरलेला अजून बाहेर पडत होता. मी ट्रकच्या पलीकडच्या बाजूने ओरडत होते, "मागे व्हा, सगळे मागे व्हा." भोंग्यापुढे माझा आवाज कुठला पोचतोय!

शेठ रेषा ओलांडून सरळ आत निघाले. "कुठे आहे आग? काहीच दिसत नाहीये. आजच्या दिवशी कसला भोंगा वाजवता? बंद करा तो."

दत्तूकाकांनी रेषेजवळ टेकवलेली केरसुणीची काठी उचलली आणि शेठच्या छातीसमोर आडवी धरली.

शेठ लाल झाले. "दत्तू, लक्ष्मीपूजनाला मला झाडू दाखवतोस? उद्यापासून कामावर..."

केरसुणीचं टोक पेटलं. समोर नुसती मोकळी हवा होती आणि शिंदीची पानं तडतडत जळत होती, शेठच्या कुर्त्यापासून हातभर लांब.

शेठ मागे सरकले. पेढे खाली सांडले. नळीतला गॅस संपला, भोंगा थांबला. शेठ तसेच गाडीत बसले आणि निघून गेले. एका नळीचा जोड सैल झाला होता. पंप दुरुस्तीसाठी बंद केला.

काका बाकावर बसून होते. "ताई, गावचं तिकीट काढू का?" त्यांनी विचारलं. मी सांडलेले पेढे गोळा करू लागले. घरी जाऊन सासूबाईंना सांगताना रडूच आलं.

पाडव्याच्या सकाळी शेठ आले. पिवळ्या रेषेच्या अलीकडेच थांबले. डिकीतून नव्या केरसुण्यांचा भारा काढला, प्रत्येकीला हळदकुंकू लावलेलं. भारा त्यांनी काकांच्या हातात दिला. काकांनी मोजून पाहिल्या.

"शेठ, या धा हायेत. गाड्या तर आपल्या चारच."

"मला मोजता येतं, दत्तू," शेठ म्हणाले.