लेकीच्या माळवदावरची माती

तिसगावच्या रंभाजीला घर बांधायला बोलावलं, की तो आधी रिकाम्या जागेवर दिवसभर नुसता बसून राही. वारा कुठून येतो, तिसऱ्या प्रहरी ऊन कुठवर पोचतं, पाणी कुठं वाहून जाईल, हे बघितल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही. "रंभाजी आधी जागेशी सोयरीक जुळवतो," अशी लोक टिंगल करत. करेनात का! हातभर रुंद मातीच्या भिंती आणि वर मातीचंच सपाट छत, माळवद. त्याच्या घरात वैशाखातही जीव थंड होई.

बायको गेल्यावर त्याला एकच लेक उरली, मनकर्णा. चार कोसांवर दिलेली. तिचं घरही त्यानंच बांधलं होतं. माळवदावर दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, नाहीतर पावसात ते गळतं. हे काम तिथल्या कुणीही केलं असतं. पण विनाकारण लेकीच्या दारी जाऊ नये, असं मानणारा हा बाप. माती हे त्याचं निमित्त. ते चार दिवस सोडले, तर वर्षभर त्याच्याशी घरात बोलणारं कुणी नव्हतं.

बहात्तरला पाऊस रुसला. पुढचा उन्हाळा रंभाजी दुष्काळी कामावर खडी फोडत होता. पाऊसच नाही तर माती कशाला, असं म्हणून तो गेलाच नाही. मुलखात सगळ्यांनी तीच चूक केली, पण त्यानं तरी करायला नको होती. त्र्याहत्तरला पाऊस आला आणि गावोगावची माळवदं गळली. लोकांनी दोष दिला मातीला.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात तो गाढवावर माती लादून लेकीच्या दारात पोचला. घरावर पत्रे चमकत होते.

"आबा, माती कशाला आनली?" मनकर्णा धावत आली. "गेल्या पावसात लई गळलं, मग ह्यांनी पत्रं टाकलं. आता तुमाला या वयात वर चढायला नको."

बापाचे कष्ट वाचले म्हणून ती मनापासून खूश होती. आत भट्टीसारखा उकाडा. पत्र्याला चार शिव्या हासडाव्यात असं त्याला वाटलं, पण लेकीच्या घराला नावं कशी ठेवायची?

"बेस केलं," तो म्हणाला. त्यानं भाकरी संपवली आणि उन्हं कलताच निघाला.

"आता कधी येनार?"

दर साली तो "पुढल्या वैशाखात" म्हणे. आज त्याला एकदम रडू आलं. ते लपवायला तो गाढवाची दोरी उगाच आवळत बसला.

"तू बोलाव, मंग येतो."

"बोलवायचं काय त्यात? सवड झाली की या की, आबा!" ती हसून म्हणाली आणि घरात गेली.

सवड तर आता त्याला वर्षभर होती.