शिरा आणि ग्रीक तत्त्वज्ञान

चौऱ्याऐंशी साली मुलुंडच्या उडुप्याकडे एक बाई रोज माझ्यासमोर बसत. हातात ग्रीक तत्त्वज्ञानाचं पुस्तक, पुढ्यात शिरा. बेदाणे बाजूला काढून शेवटी खात.

एकदा आपणहून म्हणाल्या, “मला डायबिटीस आहे. गोड बंद.”

मला भोचकपणा आवरेना. “मग हे?”

“ग्रीक म्हणायचे, वाईट काय ते खरंच कळलं तर माणूस ते करत नाही. माझा प्रबंध त्यावरच आहे.” आणि दुसरी प्लेट मागवली.

महिन्याभराने आल्या त्या पायाला बँडेज बांधून. शिरा माझ्याकडे सरकवला.

“म्हणजे आता कळलं!” मी म्हटलं.

“कळलं कुठे? नुसती घाबरलेय हो,” म्हणत त्यांनी माझ्या प्लेटमधला एक बेदाणा उचलला.