बाच्या तोंडात मालकाचा अंगठा

मालकानं बाच्या तोंडात अंगठा घातला. पाडव्याचा दिवस. ओसरीवर गावातली चार शहाणी माणसं पान खात बसलेली. त्यांच्यासमोर मालकानं माझ्या बाची हनुवटी धरली आणि ओठ वर उचलला. वालूरच्या बाजारात मेंढरू घेताना उचलतात, तसा. बा गुडघ्यांवर बसला होता. डोळ्यांत पाणी आलं, पण मान त्यानं हलवली नाही. मेंढरानं तरी हलवली असती.

"बोखा झालाय की रं ह्यो," मालक म्हणाला आणि अंगठा बाच्याच पटक्याला पुसला. ओसरी हसली.

मी अंगणात शेणाची पाटी घेऊन उभी होते.  हेच आम्ही बापलेक वर्षभर लपवत आलो होतो.

आम्ही धनगर. बा मालकाची मेंढरं राखायचा. माय नव्हती. नवऱ्यानं टाकल्यापासून मी बापाजवळच होते, मालकाच्या मेंढवाड्याला लागून असलेल्या झोपडीत. दर पाडव्याला वर्षाच्या चाकरीचं नवं साल ठरायचं. मालकानं ठेवलं तर झोपडी, नाही तर रस्ता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आता आपलं राज्य आलं, असं लोक म्हणायचे. मेंढवाड्यापर्यंत ते आलेलं मला तरी दिसलं नाही.

मालकाच्या घरून दोन वेळा ज्वारीची भाकरी मिळायची. कालची, नाही तर परवाची, वाळून कडक झालेली. बाच्या हिरड्या सुजायच्या. दात हलायला लागला की तो बोटानं उपटायचा, रक्त थुंकायचा आणि मेंढरांमागं चालू लागायचा. दवाखाना परभणीला. मेंढरं सोडून कोण जाणार? शेवटी पुढचा एक दात तेवढा राहिला. मग बा तुकडे तसेच गिळायला लागला. पोट धरून बसायचा. दंड बारीक झाले, काठी हातातून सुटायला लागली, चढ आला की तो मधेच खाली बसायचा.

मी पहाटे पाट्यावर भाकरी कुटायची आणि तो चुरा त्याच्या फडक्यात बांधायची. ओढ्याच्या पाण्यात कालवून तो प्यायचा. मालकिणीकडं कण्या मागाव्यात असं रोज मनात यायचं. पण मऊ अन्न मागणारा आजारी, आणि आजाऱ्याला साल नाही. बानं लोकांत बोलणं सोडलं. हसायचं तर त्यानं कधीच बंद केलं होतं. मालक मेंढवाड्याकडं येताना दिसला की मी पाटा झाकून टाकायची.

"दात पडलेलं मेंढरू आमी खाटकाला देतो," मालक ओसरीवरच्यांना म्हणाला. "ह्याला कुनाला द्यावं?"

बानं हात जोडले. "खातो मी मालक. समदं खातो."

मालकानं आतून एक शिळी भाकरी मागवली. "ही खाऊन दाव हितं. मंग साल तुजं."

बा खायला लागला. चावतोय असं दाखवत होता, पण हिरड्यांनीच. भाकरीला रक्त लागलं. लोक पान खात बघत होते. त्यानं घाईनं मोठा तुकडा गिळला आणि तो घशात अडकला. तोंड उघडं, आवाज नाही. डोळे पांढरे व्हायला लागले. ओसरीवरून एकही माणूस उठला नाही.

मी पाटी टाकून धावले. त्याच्या तोंडात बोटं घालून तुकडा ओढून काढला. मला वाटलं, गेला बा. मग त्याला श्वास आला. आणि श्वास आल्यावर पहिलं काय बोलला तो?

"उरलेली खातो मालक."

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. मी त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि ओसरीच्या काठावर ठेवली. भीतीनं माझं लुगडं ओलं झालं होतं, खोटं कशाला सांगू.

"न्हाई खानार त्यो," मी म्हणाले. "ऊठ बा."

मालक शांतपणे म्हणाला, झोपडी मोकळी करा.

झरी गावात मावशीकडं जाताना बा वाटभर मला शिव्या देत होता. माघारी जा, पाया पड, मला खाता आली असती, म्हणत होता. मलाही माघारी जावंसं वाटत होतं. दोनदा तरी मी थांबले. 

झरीला मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. बाला रोज ऊन ऊन कण्या शिजवून घातल्या. तो खायचा, पण अंगाला काही लागेना. फार उशीर झाला होता. मावशी समोर आली तरी पटक्याचं टोक तोंडावर धरायचा. पावसाळ्याआधी तो गेला. त्याला भाकरीनं मारलं नाही, आमच्या लपवण्यानं आणि ओसरीवरच्यांच्या बघण्यानं मारलं.

आता माझीही एक दाढ हलायला लागली आहे. जिभेला लागली की मी घास दुसऱ्या बाजूला घेते. रस्त्यावर येण्याची भीती काय असते, ते मी पाहिलं आहे. ती गेलेली नाही, जाणारही नाही.

पण गेल्या पाडव्याला आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या धनगराचं साल ठरत होतं, तेव्हा वस्तीतल्या माणसांसोबत मीही गेले. त्याच्या नव्या मालकाला विचारलं, ह्याला खायला काय देणार? तो म्हणाला, घरात जे असंल ते. मी म्हणाले, रोज ताज्या, मऊ कण्या, नाही तर वस्तीतला एकही माणूस तुमची मेंढरं चरायला सोडणार नाही. तो हसला. आम्ही त्याच्या दारात बसून राहिलो. ऊन चढलं, वाड्यात मेंढरं ओरडायला लागली, तरी बसून राहिलो. मला तेव्हाही भीती वाटत होती. पुढच्या पाडव्यालाही वाटेल. आणि मी दारात बसेन.